ट्यूब हेडफोन अँपची व्हॉल्यूमची खरखर पॉट बदलला तरी परत येतेय? आधी डीसी शोधा

घरी बांधलेल्या ट्यूब हेडफोन अँपबद्दल आमच्या भागातनं मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, की व्हॉल्यूम फिरवताना कानात खर्रर्र येतंय, कॉन्टॅक्ट क्लिनर मारला की गप्प बसतंय, थोड्या दिवसांनी परत सुरू. शेवटी वैतागून माणूस पॉटच, म्हणजे व्हॉल्यूमचा पोटेन्शिओमीटरच, बदलतो, यावेळी भारीतला टाकतो, आणि पुढचा पावसाळा यायच्या आत तोही खरखरायला लागतो. मग म्हणतो डुप्लिकेट माल मिळाला. डुप्लिकेट मिळतो, नाही असं नाही, पण नवाकोरा चांगला पॉट काही महिन्यांत खरखरतोय म्हणजे बहुतेक वेळा दोष पॉटचा नसतो, त्याच्यातनं डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, वाहत असतो. तो डीसी जोवर अडवत नाही तोवर साधा पॉट लावा नाहीतर महागातला, खरखर फिरून येणारच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडचे बरेच जण आता हे अँप बांधूलेत, सगळ्यांचा घोळ थोड्याफार फरकानं एकाच जागी होतो, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. व्हॉल्यूम कंट्रोल अपग्रेड करायचाय तर जरूर करा, पण त्याच्या आधी हे बघा.

पहिलं म्हणजे आवाज कुठला ते ओळखा. नॉब फिरवतानाच खरखर येतेय आणि हात थांबला की तीही थांबतेय, तर ती आपल्या विषयातली. नॉबला हात न लावता आपोआप तडतड, चटचट होतेय तर पॉटच्या नादी लागू नका, ट्यूबचा सॉकेट, ट्यूबच्या प्लेटवरचा (वाढलेला सिग्नल जिथनं बाहेर येतो तिथला) जुना कार्बनचा रेझिस्टर नाहीतर खुद्द ट्यूब बघा, पेन्सिलीच्या रबराच्या बाजूनं ट्यूबला हळूच टिचकी मारली की बहुतेक वेळा कळतं. नॉबला बोट लावल्यावर भुणभुण कमी होते आणि काढल्यावर वाढते, तर पॉटचं धातूचं अंग चॅसिसला जोडलेलं नाही, एवढंच. आणि नॉब पार शून्यावर आणला तरी एक कान फुल आवाजात ओरडतोय, तर त्या बाजूची पॉटची खालची पिन, जी ग्राउंडला जाते ती, सोल्डर तुटून सुटलीय. हे शेवटचं लगेच करा, हेडफोन आणि कान दोन्ही जायचं काम आहे ते.

आता डीसीनं खरखर का होते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. पॉटच्या आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्याच्यावर वायपर सरकतो. सरकताना वायपरचा संपर्क कायम सारखा राहत नाही, सूक्ष्म उड्या मारत जातो. गाण्याचा सिग्नल बारीक असला आणि पॉटवर दुसरं काही नसलं तर त्या उड्या ऐकू येत नाहीत. पण वायपरमधनं डीसी करंट जात असेल, अगदी मायक्रोअँपच्या हिशोबात का असेना, तर प्रत्येक उडीला व्होल्टेजचा एक धक्का तयार होतो आणि तो थेट ट्यूबच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या पिनवर, जातो. समजा धक्का २ मिलिव्होल्टचा आहे आणि ट्यूबचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, १५ आहे, म्हणजे पुढं ३० मिलिव्होल्ट. हायब्रिड, म्हणजे ट्यूबच्या पुढं ट्रान्झिस्टर असलेल्या, अँपवर ३२ ओहमचा, १ मिलिवॅटला १०० डीबी देणारा हेडफोन असला तर ३० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ८४ डीबीचा कडाका. स्पीकरवर जे कळणारही नाही ते हेडफोनवर असं कानात बसतं. क्लिनर मारून संपर्क सुधारतो, उड्या बारीक होतात, म्हणून काही दिवस बरं वाटतं, पण डीसी तिथंच असतो.

डीसी येऊ शकतो तीन ठिकाणाहून. अँपच्या मागनं, म्हणजे तुमच्या डॅक (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारी पेटी) नाहीतर प्लेअरच्या आउटपुटमधनं. मधला कपलिंग कंडेन्सर, जो सिग्नल सोडतो आणि डीसी अडवतो तो, गळत असेल तर मागच्या ट्यूबच्या प्लेटवरनं. आणि तिसरा, जो कुणाच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे पुढच्या ट्यूबच्या ग्रिडमधनं उलटा पॉटकडं.

मोजायला साधा डिजिटल मीटर पुरतो. पण आधी सांगतो, बहुतेक ट्यूब अँपमधे ऐंशी-शंभरपासनं तीनशे व्होल्टपर्यंत डीसी असतो आणि मेन्स बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमधे तो बसून राहतो. झाकण काढायच्या आधी प्लग उपसा, थोडं थांबा, मग मीटरनं मोठ्या कंडेन्सरवरचा व्होल्टेज मोजून खरंच उतरलाय का बघा, उतरत नसेल तर मोठ्या रेझिस्टरमधनं उतरवा, स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नका. चालू अँपमधे मोजताना मीटरची काळी वायर क्रोकोडाइल क्लिपनं ग्राउंडला अडकवा आणि एकच हात वापरा, दुसरा खिशात. पायात चप्पल असू द्या, विशेषतः पावसाळ्यात आपल्याकडं फरशीला ओल येते तेव्हा. आणि हेडफोन काढून ठेवा.

हेडफोन काढला, सोर्सकडनं, म्हणजे डॅक-प्लेअरकडनं, आत येणाऱ्या वायरची पिनही काढली, अँप चालू करून पंधरा-वीस मिनिटं तापू दिला. मीटर मिलिव्होल्ट डीसीवर. व्हॉल्यूम फुल. लाल वायर पॉटच्या मधल्या पिनला. दोन्ही चॅनेल बघायचे. शून्य नाहीतर एखादा मिलिव्होल्ट आला तर ठीक आहे. चार-पाच मिलिव्होल्टच्या वर गेलं की खरखर कुठनं येतेय त्याचा सुगावा लागला समजा. आत येणारी पिन काढायला का सांगितली, तर सोर्स जोडलेला असला की त्याचा आउटपुट कमी ओहमचा असल्यामुळं ग्रिडमधनं आलेला करंट तिकडं निघून जातो आणि मीटरवर शून्य दिसतं, आणि तुम्ही म्हणता सगळं ठीक आहे.

रीडिंगचं चिन्ह बघा, प्लस की मायनस, कारण अर्धं निदान त्याच्यातच होतं. मायनस आलं म्हणजे ट्यूबचा ग्रिड कॅथोडमधनं निघालेले इलेक्ट्रॉन गोळा करतोय, बायस, म्हणजे ग्रिड कॅथोडपेक्षा जेवढा मायनस ठेवतात तो व्होल्टेज, फार कमी पडतोय. १२ नाहीतर २४ व्होल्टवर चालणाऱ्या हायब्रिड अँपमधे हे फार होतं, कारण तिथं १२एयू७ ट्यूबला प्लेट व्होल्टेजच इतका कमी मिळतो की बायस शून्याच्या जवळ ठेवावा लागतो. प्लस आलं म्हणजे एकतर ट्यूबमधे गॅस झालाय, आयन ग्रिडवर येऊन आदळताहेत, नाहीतर मागचा कंडेन्सर गळतोय. हिशोब सोपा आहे, ०.१ मायक्रोअँपचा ग्रिड करंट १०० के, म्हणजे १०० किलोओहमच्या, पॉटमधनं गेला की १० मिलिव्होल्ट. एवढ्यानं गाण्यात काही बिघाड दिसणार नाही, अँप मस्त वाजेल, फक्त नॉब फिरवला की खर्रर्र.

प्लस आलंय तर ट्यूब की कंडेन्सर हे कसं ओळखायचं? पॉट अगदी इनपुटला असेल आणि त्याच्या मागं अँपमधलं काहीच नसेल, तर अँप बंद करून ट्यूब काढा, परत चालू करून मोजा. रीडिंग शून्यावर गेलं तर ट्यूबच. पण ही युक्ती सगळीकडं चालत नाही आणि इथं खरंच सांभाळा. ज्या सर्किटमधे पहिल्या ट्यूबची प्लेट पुढच्या पॉवर ट्यूबच्या ग्रिडला नाहीतर मॉस्फेट ट्रान्झिस्टरच्या गेटला थेट जोडलेली आहे, मधे कंडेन्सर नाही, तिथं पहिली ट्यूब काढली की पुढच्याचा ग्रिड पूर्ण सप्लायवर चढतो आणि ती लाल होईपर्यंत करंट ओढते. १२एयू७ पुढं ६०८० असलेली अँप बरेच जण बांधतात, त्यातली बहुतेक अशीच थेट जोडलेली असतात. तिथं ट्यूब काढून बघायचं नाही, तशीच दुसरी ट्यूब घालून बघायची. रीडिंग बदललं तर ट्यूब दोषी, नाही बदललं तर ट्यूबला सोडा.

कंडेन्सरचं बघायचं झालं तर निपाणीच्या एका दोस्ताचं अँप सांगतो, त्याच्यावरनं लगेच कळेल. त्यानं दोन स्टेजच्या मधे पॉट ठेवलेला, पहिल्या ट्यूबच्या प्लेटवरनं कंडेन्सरमधनं सिग्नल पॉटच्या वरच्या पिनला. पॉट दोनदा बदलून झालेला. माझ्याकडं घेऊन आला तेव्हा टेबलावर उघडून आधी मीटर लावला, सुरुवातीला ३ मिलिव्होल्ट, काही खास नाही. तो म्हणाला बघ की, सगळं बरोबरच दाखवूलंय. मी म्हटलं थांब, तापू दे. मग आकडे हळूहळू चढायला लागले, १२, ३०, ५५, आणि अँप चांगला गरम झाला तेव्हा नव्वदच्या पुढं. कंडेन्सर बघितला तर जुन्या रेडिओतनं काढलेला, मेण लावलेला, कागदी. आपल्याकडं आजोबांच्या काळातले व्हॉल्वचे रेडिओ अजून माळ्यावर पडलेले असतात आणि त्याच्यातलं सामान वापरायचा मोह होतोच, ट्रान्सफॉर्मर घ्या, ट्यूबा घ्या, नॉब घ्या, खुशाल घ्या, पण कागदी कंडेन्सर घेऊ नका. कागद वर्षानुवर्षं ओल पितो आणि गरम झाला की गळती वाढते. प्लेटवर १०० व्होल्ट आणि कंडेन्सरची गळती १०० मेगओहम, ऐकायला केवढी मोठी वाटते, तरी १०० के च्या पॉटवर १०० मिलिव्होल्ट डीसी उभा राहतो. त्याच जागी नवा पॉलिप्रॉपिलीनचा ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा टाकला, रीडिंग शून्याजवळ बसलं, आणि विशेष म्हणजे जो पॉट खराब म्हणून बदलायचा होता तोच पॉट गप्प झाला. अजून तोच चालूय.

म्हणून थंड अँपवर मोजून निर्णय घेऊ नका. तापलेल्यावरच मोजा.

ग्रिडमधनं येणारा डीसी अडवायला वायपर आणि ग्रिड यांच्यामधे एक चांगला फिल्म कंडेन्सर टाकायचा आणि ट्यूबच्या ग्रिडपासनं ग्राउंडला वेगळा रेझिस्टर द्यायचा, म्हणजे ग्रिडचा करंट त्या रेझिस्टरमधनं जातो, पॉटमधनं नाही. ०.१ मायक्रोफॅरड आणि ४७० के घेतलं तर खालची कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज उतरत जातो ती फ्रिक्वेन्सी, ३.४ हर्ट्झला येते, ऐकण्याच्या पट्ट्याच्या बरीच खाली. १ मेग चालतो, १२एयू७ला कॅथोड बायसमधे तेवढी परवानगी आहे, पण मला ४७० केच बरा वाटतो, ट्यूब थोडी गॅसी निघाली तरी बायस फार हलत नाही. पॉट इनपुटला असेल तर १०० व्होल्टचा कंडेन्सर पुरतो, स्टेजच्या मधे असेल तर ४०० किंवा त्याच्या वरचा घ्या. सिरॅमिक नको, इलेक्ट्रोलिटिक तर अजिबात नको, त्याची स्वतःचीच गळती असते.

आणि हे नाहीच करायचं असेल, कंडेन्सर सिग्नलच्या वाटेत नको अशी तुमची श्रद्धा असेल, तर निदान वायपरपासनं ग्राउंडला १ मेगचा रेझिस्टर लावाच. कारण वायपर क्षणभर जरी पट्ट्यावरनं उचलला गेला तर ग्रिड अधांतरी लटकतो, बायस जातो आणि हेडफोनमधे धाडकन आवाज येतो. चार आण्याचा रेझिस्टर आहे, ट्यूबच्या सॉकेटवरच लावता येतो.

सोर्सकडनं डीसी येतोय का हे बघायला तर अँपच लागत नाही, डॅकच्या आउटपुटला सरळ मीटर लावा. दहा-वीस मिलिव्होल्ट दिसले तर पॉटच्या आधी प्रत्येक चॅनेलला ०.४७ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर टाका, १०० के च्या पॉटला ३.४ हर्ट्झ, ५० के ला ६.८. झालं.

आता डीसी नाहीच, मीटर शून्य दाखवतोय, तरी खरखर आहे. मग खरंच पॉट मळलाय. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते, त्यात खानापूर, जांबोटीकडं तर कपाटातले कपडे वाळत नाहीत, तिथं उघड्या पॉटचं काय होणार. बिजागराला मारायचा गंजाचा स्प्रे पॉटमधे मारू नका, आणि नुसता आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारूनही सोडू नका, तो मळाबरोबर आतलं ग्रीसही धुऊन नेतो, मग कोरडा वायपर पट्टा घासत राहतो आणि पॉट आधीपेक्षा लवकर जातो. पॉटसाठीच असलेला, वंगण मागं ठेवणारा क्लिनर घ्या, दोन थेंब, अँप बंद, नॉब या टोकापासनं त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, तासभर वाळू द्या. इथं परत खरखर लवकर आली तर मात्र पॉट बदला, यावेळी हरकत नाही.

बदलायचाच आहे तर कसला घ्यायचा, याच्यावर जरा वेळ घालवतो, कारण इथंच पैसे फुकट जातात.

व्हॅल्यू आधी. जुन्या सर्किटच्या नकाशात २५० के किंवा ५०० के लिहिलेला असतो आणि लोक तोच शोधत बसतात. आजच्या डॅकला आणि फोनला तेवढ्याची गरज नाही, आणि मोठा पॉट ट्रेबल खातो. वायपरच्या दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा ओहम पडतो, म्हणजे आवाज ६ डीबी खाली असतो तिथं, पॉटचा आउटपुट ओहम सगळ्यात जास्त असतो, एकूण व्हॅल्यूच्या चौथा हिस्सा. २५० के चा ६२.५ के. समोर १२एएक्स७ असेल तर तिची प्लेट आणि ग्रिडमधली १.७ पिकोफॅरड गेन ६० मुळं शंभरच्या पुढं जाते, वायरची आणि सॉकेटची पन्नास धरा, दीडशेच्या वर झाली, म्हणजे १६ किलोहर्ट्झपासनंच वरचा पट्टा उतरायला लागतो. आणि तो उतारही नॉबच्या जागेप्रमाणं बदलतो, म्हणून काहीजण म्हणतात की मोठ्या आवाजात उघडं वाटतंय आणि मधल्या आवाजात झाकलेलं. १२एयू७ ला १०० के चा पॉट लावला तर २५ के आणि तीसेक पिकोफॅरड, वायर धरली तरी काळजी नाही. मी ५० के सुचवतो, सोर्स अगदीच जुना ट्यूबवाला असेल तरच १०० के.

टेपर, म्हणजे नॉब फिरवताना ओहम कोणत्या चालीनं बदलतो ती, लॉग घ्या. जपानी पद्धतीत ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर, म्हणून ५० के ए. जुन्या युरोपियन मालावर ए म्हणजे लिनिअर असू शकतो, त्यामुळं जुन्या पेटीतला पॉट हातात आला तर अक्षरावर जाऊ नका, नॉब मधोमध ठेवून मोजा. खालची पिन ते मधली पिन एकूणच्या दहा-पंधरा टक्के आली तर लॉग, निम्मी आली तर लिनिअर.

दुसरी कायमची तक्रार म्हणजे कमी आवाजात एक कान जड. रात्री घरचे झोपल्यावर आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एखादं निर्गुणी भजन अगदी हळू लावलं, तर तानपुरा दोन्ही कानांच्या मधोमध पाहिजे, तो एका बाजूला सरकून बसतो, आवाज वाढवला की परत मधे येतो. ही पॉटच्या दोन पट्ट्यांमधली तफावत. स्वस्त ड्युअल पॉटमधे लॉगचा वाकडा आलेख दोन-तीन सरळ तुकडे जोडून केलेला असतो आणि दोन्ही पट्ट्यांचे तुकडे खालच्या टोकाला एकमेकांशी जुळत नाहीत. कानावर विश्वास नसेल तर मोजा, फोनवरनं ४०० हर्ट्झचा टोन दोन्ही चॅनेलला द्या, आउटपुटला हेडफोनच्या जागी तेवढ्याच ओहमचे रेझिस्टर लावा आणि मीटर एसीवर ठेवून डावा-उजवा बघा. १२ टक्के फरक म्हणजे १ डीबी, ४१ टक्के म्हणजे ३ डीबी. ४०० हर्ट्झ अशासाठी की स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला एसी नीट मोजत नाहीत. आणि आधी मागच्या वायरी डाव्या-उजव्या बदलून बघा, तफावतही बाजू बदलत असेल तर बिचाऱ्या पॉटचा काही संबंध नाही, सोर्सचा आहे.

आता याच्यावरचा माझा आवडता उपाय पॉट बदलणं नाही, गेन कमी करणं आहे. हिशोब बघा. फोन १ व्होल्ट देतो, १२एयू७ चा गेन १५, झाले १५ व्होल्ट. ३२ ओहमच्या हेडफोनला दणकून वाजायला पाव व्होल्टसुद्धा खूप झाला. म्हणजे पॉटला तुम्ही ३५ डीबी खाली, नऊ वाजायच्या जागेच्याही अलीकडं कोंडून ठेवलंय, आणि नेमकी तीच पॉटची सगळ्यात वाईट जागा. ३०० ओहमवाल्यांना हा त्रास कमी होतो तो याच्यामुळंच, त्यांना व्होल्टच्या आसपास लागतो, नॉब बराच वर असतो. तेव्हा पॉटच्या आधी प्रत्येक चॅनेलला सिरीजमधे रेझिस्टर टाका. १० के चा पॉट आणि आधी २२ के घेतला तर १० डीबी कमी होतात, सोर्सला ३२ के दिसतो, कुठलाही डॅक आरामात चालवेल. ५० के चा पॉट ठेवायचा असेल तर ५० के च्या आसपासचा, ४७ के चालेल, ६ डीबी कमी. रेझिस्टर १ टक्केवाले मेटल फिल्म घ्या, नाहीतर एक तफावत घालवायला दुसरी आणाल. नॉब बारा वाजायच्या जागी यायला लागला की स्वस्त पॉटचेही दोन्ही कान बऱ्यापैकी सारखे होतात. कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर असलेला बायपास कंडेन्सर काढूनही गेन उतरतो, पण त्यानं ट्यूबचा आउटपुट ओहम वाढतो, थेट जोडलेल्या सर्किटमधे चालतं, बाकी ठिकाणी विचार करून करा.

एवढं करूनही चांगला पॉट हवा असेल तर आल्प्सचा आरके२७, ज्याला सगळे निळा आल्प्स म्हणतात, तो डोळे झाकून घ्यावा असा आहे, फक्त खरा मिळाला पाहिजे. पुण्याला तापकीर गल्लीत कुणी जात असेल, नाहीतर बेंगळुरूला एसपी रोडला, तर ओळखीच्या दुकानातनंच मागवा. नकली ओळखायची माझी पद्धत म्हणजे दुकानातच मीटर लावून दोन्ही पट्ट्या नऊ वाजायच्या जागी मोजायच्या, छापील अक्षरांपेक्षा ते खरं बोलतं. अंग २७ मिलिमीटरचं आहे, आधीच्या १६ मिलिमीटरच्या पॉटच्या जागी कधी कधी बसत नाही, फिल्टर कंडेन्सरला टेकतो, आधी पुठ्ठा कापून जागा बघा. शाफ्ट ६ मिलिमीटरचा आणि जुने नॉब पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ चे, त्यामुळं नॉब डुगडुगतो. उद्यमबागेत लेथवर काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर अॅल्युमिनियमचा नॉब बरोबर मापाचा टर्न करून घ्या, हातात धरल्यावर सुख वाटतं.

स्टेप्ड अटेन्युएटर मला मनापासनं आवडतो. पट्टाच नाही, रोटरी स्विच आणि रेझिस्टर, दोन्ही कान सारखे, अगदी शेवटच्या घरापर्यंत. २४ घरांचा, २ डीबीच्या पायरीचा घ्या. स्वतः बांधायचा तर सिरीजवाला सोपा, ५० के साठी वरनं पहिला १०.३ के, दुसरा ८.२ के, तिसरा ६.५ के, असं प्रत्येक पायरीला व्होल्टेज ०.७९४ पट होईल अशा बेतानं उतरत जायचं, जवळची व्हॅल्यू चालते. स्विच मात्र पुढचं घर धरूनच मागचं सोडणारा पाहिजे, म्हणजे शॉर्टिंग टाइप. नॉन-शॉर्टिंग घेतला तर प्रत्येक पायरीला ग्रिड क्षणभर सुटतो आणि टप्प टप्प ऐकू येतं, मग लोक म्हणतात स्टेप्डपेक्षा जुना पॉट बरा. आणि ऐका, डीसी असेल तर स्टेप्डसुद्धा टकटक करणार, फक्त खरखरीच्या जागी टकटक. गेनचंही तेच, गेन जास्त ठेवून २ डीबीच्या पायऱ्या लावल्या तर कामाच्या पायऱ्या तळाकडच्या दोन-चारच उरतात.

बसवताना वायरिंगच्या काही गोष्टी. इनपुट ते पॉट आणि पॉट ते ग्रिड शील्डेड वायर, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करायची. दोन्ही चॅनेलच्या खालच्या पिना एकत्र करून एकच ग्राउंड वायर इनपुट सॉकेटच्या ग्राउंडला न्या, पॉटच्या अंगाची वायर वेगळी, चॅसिसला. हीटरच्या पिळलेल्या वायरी पॉटजवळनं नेऊ नका. ट्यूबच्या ग्रिडच्या पिनवरच, अगदी पिनला चिकटून, १ के चा रेझिस्टर, ज्याला ग्रिड स्टॉपर म्हणतात, तो लावा, ६डीजे८ असेल तर हा हवाच, त्या ट्यूबा जरा उतावळ्या असतात, रेडिओ पकडतात नाहीतर स्वतःच ओरडायला लागतात. आणि पॉटच्या पिनांवर सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवू नका, उष्णतेनं आतला रिव्हेट सैल होतो आणि नव्या पॉटला जन्मतःच खरखर लागते, तीन सेकंदांत सोल्डर लागत नसेल तर पिन आधी घासून घ्या.

सगळं झालं की परत तेच रीडिंग, तापलेल्या अँपवर, सोर्स काढून, व्हॉल्यूम फुल, मधल्या पिनला. मग आउटपुटला डीसी बघा, आउटपुट कंडेन्सरवाल्या अँपमधे तापल्यावर काही मिलिव्होल्टच राहिले पाहिजेत. पहिल्यांदा एखादा जुना हेडफोन लावा, महागातला नंतर.

यातनंही खरखर गेली नाही तर विचारा की, पण "पॉट खरखरतोय काय करू" एवढंच विचारू नका. ट्यूब कुठली, प्लेटवर किती व्होल्ट, पॉट इनपुटला आहे की स्टेजच्या मधे, त्याची व्हॅल्यू, वायपरवरचं थंड आणि गरम रीडिंग चिन्हासकट, आणि ट्यूब बदलून ते किती झालं. एवढं दिलं की पॉटला हात न लावताही बहुतेक वेळा सांगता येतं.